तांदूळ पडलेलं मांस

१

अल्फोन्स शार्त्राँच्या दफनाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याची बायको ब्लांश बदकांचं मांस कापायला बसली आणि पहिल्याच तुकड्यापाशी तिचा चाकू थांबला. तो तुकडा तिनं खिडकीच्या उजेडात नेऊन उलटासुलटा करून पाहिला. मग दुसरी पुडी सोडली, मग तिसरी. शेवटी हात पुसले आणि हेर्डिसला फोन लावला.

हेर्डिस मॅग्नुसन ही त्या भागाची वन्यजीव अधिकारी. सरोवराच्या दक्षिण काठची सगळी दलदल, तिथले शिकारी, त्यांचे परवाने आणि त्यांची भांडणं तिच्या ताब्यात. अल्फोन्स गेल्यापासून ती या घरी दोनदा येऊन गेली होती, आणि दोन्ही वेळा नुसती भांडी घासून परतली होती.

"हे बघ," ब्लांशनं ताट पुढं सरकवलं.

बदकाच्या छातीचं मांस काळपट लाल असतं. या तुकड्यांत मात्र कुणी मूठभर तांदूळ पेरून ठेवावेत तसे लांबट पांढरे दाणे होते. पाचही पक्ष्यांचं मांस तसंच.

"शिजवलं तर माणसाला काही होत नाही, ब्लांश," हेर्डिस म्हणाली. "परजीवी आहे तो. बदकाच्या अंगात घर करून बसतो. विस्तवावर गेला की संपला. दिसायलाच तेवढं—"

"मला शाळा शिकवू नकोस. लग्न झाल्यापासून मी बदकंच रांधतेय. खायचं का, हे विचारायला नाही बोलावलं तुला." ब्लांश खुर्चीत टेकली. "हे ग्रिमुरनं आणून दिलं, त्या सकाळी तोच बरोबर होता ना. म्हणाला, अल्फोन्सनं शेवटच्या सकाळी स्वतःच्या हातानं साफ करून बांधलेली बदकं आहेत, उद्याच्या जेवणाला वापर. मी रडत रडत घेतली."

"मग?"

"मग काय! तुला अल्फोन्स माहीत नव्हता? आधी कातडीला बोटभर चीर देऊन आत बघायचा. तांदूळ दिसला की पक्षी बाजूला. पूर्वी फेकून द्यायचा. तूच त्याच्या मागं लागलीस, की फेकू नका, स्कंकसारखी जनावरं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून रोग पुन्हा पाण्यात जातो, पुरून टाका. तेव्हापासून काठावरच्या झोपडीपाशी त्याचं फावडं कायम असायचं. एकदा माझ्या ताटात एक दाणा आला, तर माणसानं वर्षभर माफी मागितली." तिनं पुडीचा कागद बोटानं दूर लोटला. "यातला एकही तुकडा त्याच्या हातचा नाही."

हेर्डिसनं उचललेला कॉफीचा कप तसाच खाली ठेवला. पोलिसांनी एका माणसाला खुनी ठरवून कोठडीत घातलं होतं, आणि त्या सगळ्या हकिकतीची सुरुवात होत होती ती अल्फोन्स काठावर बसून ही बदकं साफ करतो आहे, इथपासून.

२

"तांदळाच्या दाण्यांवर मी आरोपी सोडू?" सार्जंट डिक्सन हसला. वाईट माणूस नव्हता तो. शहरातून नुकता बदलून आला होता आणि हे प्रकरण हाताला लागल्याबरोबर सुटलं म्हणून खुशीत होता.

"सोडा म्हणत नाही. काय घडलं ते पुन्हा सांगा, एवढंच म्हणते."

डिक्सननं पाय लांब केले. "ग्रिमुर आणि अल्फोन्स, दोघं पहाटे दलदलीत गेले. पाच नर मारले, काठावरच्या झोपडीपाशी परत आले. ग्रिमुरनं चहा ठेवला, अल्फोन्सनं बदकं साफ केली. एक जखमी बदक पाणकणसांत पडलं होतं, ते आणायला अल्फोन्स एकटाच होडी घेऊन परत गेला. थोड्या वेळानं बार झाला. ग्रिमुरनं मान वर करून पाहिलं तर पलीकडच्या पाटातून एक हिरवी होडी निघून चाललेली, आत लाल टोपीचा माणूस. हा छातीभर पाण्यात शिरला, मित्राची होडी ओढून आणली. अल्फोन्स मेलेला. छातीत छर्रे, जवळून झाडलेले."

"आणि हिरवी होडी मेट्रोची."

"मेट्रो पास्टर्नकची होडी हिरवी, टोपी लाल. त्या सकाळी तो दलदलीत होता, हे तो स्वतःच कबूल करतो. बंदूक झाडलेली. त्याला शेतातलं पाणी काढायला चर खणायचाय, त्यानं दलदल आटेल म्हणून अल्फोन्सनं विरोधात अर्ज दिलेला. भर दुकानात मेट्रो म्हणाला होता, 'तुला एक दिवस त्याच चिखलात गाडीन.' आणखी काय पाहिजे, बाई?"

"तो अमेरिकन पाहुणा? हॅल्व्हरसन? त्याच्या जादा शिकारीची चुगली अल्फोन्सनंच केली होती. तोही सगळीकडे बोलत सुटला होता."

"त्याचं तुम्हीच सांगा."

हेर्डिसला नाइलाजानं मान डोलवावी लागली. त्या सकाळी उजाडायच्या आत हॅल्व्हरसननं तिला लॉजवर बोलावून घेतलं होतं. आदल्या संध्याकाळच्या बदकात त्याला तांदूळ सापडले होते, आता आपण काही वाचत नाही अशी त्याची खात्री झाली होती, आणि अंथरुणात पोट धरून तो तिच्यासमोर बायकोचं नाव घेत बसला होता. त्या सकाळचे दलदलीतले सगळे बार दोघांनी मिळूनच ऐकले होते.

"ग्रिमुर कशाला खोटं बोलेल?" डिक्सन म्हणाला. "कळायला लागल्यापासून दोघं एका होडीतले. हवं तर मेट्रोला भेटा. सारखं एकच तुणतुणं लावलंय त्यानं."

"कोणतं?"

"म्हणतो, बार झाल्यावर तिथं दोन माणसं बोलत होती."

३

मेट्रो कोठडीतल्या बाकावर पाय फाकून बसला होता. मोठा देह, बारीक डोळे. हेर्डिसला पाहून उठलाही नाही.

"या ऑफिसरबाई. आता परवाना मागायला आलात काय? खिसे रिकामे करून घेतलेत त्यांनी माझे."

"त्या सकाळी दलदलीत काय करत होतास?"

"चराच्या खुंट्या मारत होतो. लिहा. चराचा माझा अर्ज नामंजूर झालाय तरी मारत होतो. त्याबद्दल फाशी द्या."

"बंदूक?"

"एक हंस उठला, उगाच झाडली. तोही चुकला."

"टोपी?"

"लाल टोपी घरी खुंटीला होती. आईनं विणलेली करडी घातली होती मी, कान झाकणारी. सार्जंटला सांगितलं तर म्हणतो, आईला साक्षीला आण. आई अंथरुणाला खिळलीय माझी." इथं त्याचा आवाज जरा खाली आला. "तिला काय सांगितलंय कुणी, ते तरी कळेल का मला? शेजारीण जाते म्हणे सूप घेऊन. ती बाई तोंडाची फाटकी आहे."

"मी जाऊन येते. बोलणं काय ऐकलंस, ते सांग."

मेट्रोनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "खरंच विचारताय? बरं. धुकं होतं. बदकांचा थवा खाली आला, पंख वाजले, एक बार झाला. लगेच कुणीतरी ओरडलं. मग बोलणं. एकाचं अगदी हळू, अडखळत. दुसऱ्याचं नुसतं 'नाही, नाही' असं. मला वाटलं बदक चुकलं म्हणून एकमेकांना शिव्या घालताहेत. त्या दोघांचं रोजचंच ते. मी होडी वळवली आणि घरी गेलो."

"बार आणि बोलणं, मध्ये वेळ गेला?"

"पाणी हलायचं थांबलं नव्हतं."

हेर्डिस उठली. काठावरच्या झोपडीपासून त्या पाणकणसांपर्यंत छातीभर पाण्यातून, चिखलातून जायचं तर तरण्या माणसालाही बराच वेळ लागला असता. मेट्रो खरं बोलत असेल तर बार झाला तेव्हा अल्फोन्स तिथं एकटा नव्हता.

दारापाशी मेट्रोनं तिला हाक मारली. "बाई, मी त्याला चिखलात गाडीन म्हणालो होतो. म्हणालो होतो, हे खरं. पण माझा बाप गेला तेव्हा खड्डा खणायला आला होता तो, न बोलावता. असल्या घरच्यासारख्या माणसाला भांडणात माणूस काहीही बोलतो."

४

ग्रिमुरचं घर वाटेतच होतं. ट्रक अंगणात उभा. चाकांभोवती गवत वाढलेलं. उन्हाळ्यापासून त्याची बॅटरी बसलीय, असं तो सांगायचा, आणि अल्फोन्स त्याला रोज न्यायला यायचा.

दार उघडून म्हातारा तिच्याकडं बघत उभा राहिला. "कोण?"

"मी. हेर्डिस."

"अगं ये, पोरी, ये. दारात उजेड आहे ना, समजलं नाही." तो मागं सरला. हेर्डिसचा बाप आणि तो एका शाळेतले. बंदूक कशी धरायची ते तिला त्यानंच शिकवलं होतं. या चार दिवसांत त्याचे खांदे पडले होते. दुःखानं माणूस असाच होतो, असं तिनं मनाशी म्हटलं.

त्यानं कॉफी ओतली. कप पार काठोकाठ भरला, बशीत सांडला. त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती.

"भाजलं काय, ग्रिमुरकाका?"

"स्टोव्ह. नीट लक्ष नसतं हल्ली."

चर्चच्या बायकांनी आणून दिलेला सुक्या आलुबुखारांचा थरांचा केक टेबलावर तसाच होता, न कापलेला. लहानपणी हेर्डिसच्या घरी नाताळात याच केकसाठी हा माणूस बर्फातून चालत यायचा. तिनं सुरी उचलली तर त्यानं हात हलवला. "मला नको. गोड नको वाटतं."

तिनं बदकांचा विषय काढला. सरळच विचारलं. "ब्लांशला दिलीत ती, ती अल्फोन्सकाकांनी साफ केली?"

"हो. झोपडीपाशी. मी चहा ठेवला होता तेव्हा." तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. "का गं?"

"उगाच. उद्याच्या जेवणाचं चाललंय."

"चांगली होती ना? मोठाले नर होते सगळे."

हेर्डिसनं नुसती मान हलवली. म्हाताऱ्यानं थोडं थांबून पुन्हा विचारलं, "होती ना चांगली?"

बाहेर पडल्यावर ती घरी गेली नाही. उजेड होता तोवर दलदलीच्या काठी झोपडीपाशी गेली. जवळच ठोकलेल्या फळीवर पिसं चिकटली होती, रक्त वाळलं होतं. मोडक्या चुलीत ओली लाकडं होती. पेटवण्याचा प्रयत्न झालेला होता, पण ती धड पेटलेलीच नव्हती. त्या सकाळी इथं कुणी चहा केला नव्हता. पुरल्याची खूणही कुठं नव्हती. आणि अल्फोन्सचं फावडं झोपडीच्या भिंतीला टेकून उभं होतं, कोरडं, स्वच्छ, पात्याला मातीचा कण नाही.

५

ती फळीच्या कडेला बसली आणि जे मनात येऊ नये म्हणून दुपारपासून धडपडत होती, ते तिनं मनात येऊ दिलं.

पाचही नर मोठे होते. यंदाच्या पिलांत हे दाणे दिसत नाहीत. ते वाढायलाच अवधी लागतो. अल्फोन्सला हे माहीत होतं. मोठा नर दिसला की तो आधी आत बघायचा. घाई असती, तरी पाचपैकी एखादा पक्षी सुटला असता. पाचच्या पाच सुटतात, आणि तेही इतके भरलेले, ते फक्त बघणारा तो नसेल तेव्हाच.

बदकं ग्रिमुरनं साफ केली. म्हणजे अल्फोन्स काठावर परत आलाच नव्हता. म्हणजे ग्रिमुर काठावर एकटा बसला नव्हता. तो अल्फोन्सबरोबर पाण्यात होता. मेट्रोनं ऐकलेली दोन माणसं हीच. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

पण ग्रिमुरलाही तांदूळ ओळखू येत होता. या दलदलीत तो जन्मला. मांस नीट घड्या घालून, दोरी बांधून, मित्राच्या विधवेच्या हातात देणारा माणूस ते मुद्दाम तसं देणार नाही. कुणाला फसवायचं म्हणून नाही, दुखवायचं म्हणून तर नाहीच. चांगली होती ना, असं त्यानं दोनदा विचारलं होतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं.

त्याला दाणे दिसले नव्हते.

एवढं लक्षात आल्यावर बाकीचं आपोआप जागेवर येत गेलं. अंगणातला ट्रक. दारातला 'कोण'. काठोकाठ भरलेला कप. कप किती भरला ते बोट आत घालून अजमावायचं, आणि उकळती कॉफी लागली तरी बोटाला पत्ता नाही, म्हणून ती पट्टी. नको झालेला केक. हेर्डिसची आई मधुमेहानंच गेली होती. तो रोग आधी बोटांची जाण नेतो, मग डोळे. मांसातले दाणे बोटांना लागायला हवे होते, तेही म्हणूनच लागले नसणार.

आणि असल्या माणसानं सार्जंटला सांगितलं होतं, की धुक्यातून मी हिरवी होडी पाहिली, लाल टोपी पाहिली.

हे सगळं तिनं तेव्हाच जाऊन डिक्सनला सांगायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी दफन होतं, आणि शवपेटी उचलायला ग्रिमुर पहिला होता. ब्लांशनंच तसं सांगितलं होतं. हेर्डिसनं ठरवलं, त्याला खांदा देऊ दे. एक दिवस. मेट्रो एक दिवस आणखी आत बसला तर काय बिघडतं?

दफनाला सगळं गाव लोटलं. ग्रिमुरचा एक हात पेटीच्या कडीवर होता, दुसरा पुढच्या माणसाच्या पाठीला चिकटलेला. हेर्डिसशिवाय कुणाच्या ते लक्षात आलं नाही. ब्लांशनं जेवणाला बदकं केली नव्हती. हरणाचं कालवण केलं होतं.

त्या गडबडीत मेट्रोच्या आईकडं जायचं हेर्डिसच्या मनातून पार निसटून गेलं.

६

दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती एक झाकलेलं ताट घेऊन ग्रिमुरकडं गेली. टेबल खिडकीपाशीच होतं. बाहेर नवा बर्फ पडून गेला होता, खोलीत पांढरा लख्ख उजेड होता. तिनं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि झाकण काढलं.

"ब्लांशनं विचारलंय, हे रांधायला चांगलं आहे का? तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

म्हातारा खाली वाकला. पट्टी नसलेल्या अंगठ्यानं त्यानं मांस दाबून पाहिलं, वास घेतला, पुन्हा दाबलं. हेर्डिसला वाटलं, ताट ओढून घ्यावं आणि पळून जावं.

"झकास आहे," तो म्हणाला. "ताजं आहे, रंग बघ कसा आहे. लोण्यावर कांदा परतून टाक म्हणावं. फार शिजवू नको."

त्याचा अंगठा मांसावर तसाच राहिला.

"हेर्डिस?"

"हो."

"काय आहे त्यात?"

"तांदूळ."

"किती?"

"सगळीकडे, काका. तुम्ही ब्लांशला दिलं, तेच हे मांस."

त्यानं हात मागं घेतला आणि विजारीला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. "तिनं कुणाला वाढलं तर नाही ना?" एवढंच त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली.

"डोळे वसंतातच गेले," तो म्हणाला. "कडेनं दिसतं, मधोमध धूर. डॉक्टर म्हणाला बंदूक ठेवून द्या. मी अल्फोन्सला म्हटलं, झालं, संपलं आपलं. तर मला म्हणतो, डोळे माझे आहेत की! मी 'आता' म्हणायचं, तू झाडायचं. मी दडणीत, गवताच्या आडोशाला बसून हवेत बार काढायचो, बदकं सगळी त्याचीच असायची. पण अर्धी मला द्यायचा, तुझीच म्हणायचा."

"त्या दिवशी?"

"पडलेला नर आणायला तो होडीनं पुढं गेला. मी दडणीत. थवा आला, पंख वाजले. समोर काळं काहीतरी उठलं. आणि मला 'आता' ऐकू आलं." त्यानं टेबलाची कड धरली. "ऐकू आलं असं वाटलं. तो म्हणालाच नसणार. तो होडीत उभा राहिला होता, पोरी. नुसता उभा राहिला होता."

स्टोव्हवरची किटली वाजत होती. हेर्डिसनं उठून ती बाजूला केली.

"मी चिखलातून गेलो त्याच्यापाशी. अजून जीव होता. म्हणाला, 'तू नाहीस. कुणी परका होता. तू काठावर होतास, बदकं साफ करत होतास.' मी नाही नाही म्हणत होतो. त्यानं माझी कॉलर धरली आणि वदवून घेतलं माझ्याकडून. मग हात गळाला त्याचा."

"म्हणून बदकं साफ केलीत."

"साफ करताना मलाच पटेना की मी साफ करतोय. म्हणून म्हटलं, त्यानं केली. तो होडीत पडलेला, आणि मी फळीवर..." त्यानं अंगठा पुन्हा विजारीला पुसला. "ब्लांशचा वाटा तिला द्यायलाच हवा होता."

"आणि मेट्रो?"

"मी त्याचं नाव घेतलं नाही. होडी म्हणालो. सार्जंटनं विचारलं, हिरवी? मी मान हलवली. लाल टोपी? मान हलवली. मेट्रोची असेल? मी म्हटलं, असेल. दमलो होतो. मला वाटलं, पुरावा नाही, सोडतील दोन दिवसांत. रोज वाटतं, आज जाऊन सांगावं. सांगायला जायचं तर गाडी चालवता येत नाही." स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून त्यानं चेहरा झाकून घेतला. "हे काय कारण झालं? हे काय कारण झालं, पोरी!"

हेर्डिसनं त्याच्याच फोनवरून डिक्सनला सगळं सांगितलं. सार्जंट म्हणाला, "मेट्रोला तसंही आज बाहेर न्यायचंच होतं, शिपायाबरोबर. त्याची आई काल संध्याकाळी गेली."

काल संध्याकाळी. दफनाच्या दिवशी.

७

थंडी पक्की बसली तशी दलदल गोठली, शेवटची बदकं दक्षिणेला निघून गेली. ग्रिमुरवर खटला उभा राहणार होता. तोवर त्याला जामिनावर घरी ठेवलं होतं. लोक हळहळत. म्हातारा बिचारा, म्हणत. अल्फोन्सच्या मनाच्या मोठेपणाचे गोडवे गात. मेट्रोबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नव्हतं. ज्यांनी त्याला आधीच खुनी ठरवून टाकलं होतं, त्यांना तर तो विषयच नको होता.

एका रविवारी ब्लांश हेर्डिसच्या गाडीत येऊन बसली. "मला पास्टर्नकांकडं ने."

मेट्रोनं दार उघडलं. आत या म्हणाला नाही.

"मी अल्फोन्सच्या वतीनं आलेय," ब्लांश म्हणाली. "खोटं त्यानं रचलं. मरता मरता रचलं, मित्राला वाचवायला. ते तुझ्यावर शेकेल हे त्याला सुचलं नाही. तो असता तर आला असता, म्हणून मी आले."

मेट्रो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "आई दोन दिवस विचारत होती म्हणे, खरंच केलं का रे मेट्रोनं? त्या सूपवालीला विचारत होती. आणि ती बाई म्हणत होती, देव जाणे." त्यानं हेर्डिसकडं पाहिलं. "तुम्ही जाऊन येते म्हणाला होतात."

"म्हणाले होते," हेर्डिस म्हणाली. "एक दिवस थांबले. मला सगळं कळलं होतं, तरी थांबले."

ब्लांशच्या डोक्यावरचा रुमाल वाऱ्यानं सुटला, तो तिनं पुन्हा बांधला. मेट्रो तिला म्हणाला, "तुम्ही आलात. तुमच्यावर माझा राग नव्हता. ग्रिमुर का आला नाही?"

"त्याला दिसत नाही, मेट्रो."

"मग विचारत यायचं." आणि त्यानं दार लावलं.

ब्लांशला घरी सोडून हेर्डिस ग्रिमुरकडं गेली. शब्द गाळले नाहीत, बदलले नाहीत. जसं बोलणं झालं तसं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग उठला, चाचपडत खुंटीवरचा कोट काढला, बूट चढवले.

"चला, मी नेते," ती म्हणाली.

"नको. गाडी इथंच ठेव. वाट तेवढी सांग."

वाट सरळच होती, खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फानं भरलेली शेतं. तो पायानं खडीची कड चाचपत निघाला. हेर्डिस बरंच अंतर ठेवून मागं चालली. दोनदा तो कडेच्या गवतात उतरला, दोनदा स्वतःच वर आला. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो बाहीनं पुसत होता. मध्येच एक ट्रक थांबला, बसा म्हणाला; त्यानं नकारार्थी हात केला.

पास्टर्नकांच्या अंगणात मेट्रो लाकडं फोडत होता. रस्त्यावरून येणारी आकृती पाहून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. तो जागचा हलला नाही, की हाक मारली नाही. हेर्डिस लांबच थांबली.

ग्रिमुर कुंपणाची तार हातानं चाचपत आला. फाटक उघडंच होतं, तिथं हाताला तार लागली नाही. तो क्षणभर गोंधळला, मग पुढची तार सापडली तसा फाटक मागं टाकून तारेकडेनं चालत राहिला. दहा-बारा पावलं गेला. पुढं नुसतं रिकामं शेत होतं आणि सरोवराकडून येणारा वारा.

मेट्रो त्याच्या पाठीकडं बघत उभा होता. त्यानं हातमोजे काढले, मांडीवर झटकले, पुन्हा घातले.

"ए," तो अखेर म्हणाला. "फाटक मागं राहिलं."